व्याहीबुवा, पंप कात्रीचाच पाठवा

कडेगावजवळचा मळा,
ता. ४ फेब्रुवारी १९७६

सर्वोपमायोग्य व्याहीबुवा बाळासो यांच्या सेवेशी, नाथाजी सुभेदाराचा (निवृत्त, पण रिकामा नव्हे) सप्रेम रामराम. विहीणबाईंना नमस्कार. सूनबाई सुलाला आशीर्वाद. आणि आमची जी नात आम्ही अजून डोळ्यांनी पाहिलेली नाही, तिच्या गालाचा कुणीतरी आमच्या वतीने हळूच चिमटा घ्यावा. (फार जोरात नको. घराणं फौजेतलं आहे, उलट मारील.) तुमचा खोकला कसा आहे? सोनं गाळायच्या भट्टीपुढे बसून माणसाचं काही सोनं होत नाही, छातीचा कोळसा मात्र होतो, तेव्हा अडुळसा घेत जा. कोइमतूरला अडुळसा मिळत नसेल तर कळवा, इथे बांधावर मोकाट वाढला आहे. इकडे सर्व क्षेम. नातीला खालचे दोन दात आल्याचं तुमच्या पत्रातून कळलं. आमच्या आत्या दगडाबाई यांचे राहिलेले दोन दात परवाच पडले, त्यामुळे घराण्याची दातांची बाजू होती तशीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. (हरणाबाई म्हणते की मी मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा चहा गार होतो. पण ती माझी बायको आहे, तिने काहीतरी म्हणायलाच हवं.) दिवाळीत तुमचं जे पत्र आलं ते मी देवघरात ठेवलं आहे, कारण ते वाचलं की मला देव आठवतो. घरात संडास बांधून झाल्याशिवाय सुला आणि तिची लेक सासरी येणार नाहीत, असं तुम्ही लिहिलंत. मी त्यावर, आमच्या काळ्या रानात टाकी टिकत नाही, पाणी तुंबून वर येतं, अशी सबब कळवली. ती तुम्ही अलगद उचललीत आणि ‘मग टाकीला पंप बसवा, आमचे थोरले नानासो विट्याहून येऊन तो चालू असलेला बघतील, मगच लेकीला धाडू’ असं लिहून माझ्याच गळ्यात घातलीत. सबब नीट विचार करून सांगावी हे पलटणीत शिकलो होतो, घरी आल्यावर विसरलो.

तुमचा राग मला कळतो, व्याहीबुवा. तुमची लेक साखळी ओढली की पाणी येतं अशा घरात वाढली. आमच्याकडे येऊन ती काही न बोलता पहाटे तांब्या घेऊन सासूबरोबर बांधाला जाऊ लागली. सातवा महिना असताना ती उसाच्या सरीत घसरली. हरणाबाईने हात धरला म्हणून निभावलं. त्या दिवशी मी घाबरलो तेवढा लढाईतही घाबरलो नव्हतो. तुमच्या जागी मी असतो तर याहून वाईट शब्दांत लिहिलं असतं. पण आता आमच्या मानसिंगला पाडव्याला रजा मिळते आहे. तो सरहद्दीवरून घरी यायचा आणि घरात बायको नाही, लेक नाही, समोर एक म्हातारा बाप आणि पंपाचे पाईप. नातीचा पायगुण, नातीचं रडणं, नातीचं अंगणात रांगणं, यातलं आमच्या वाट्याला अजून काहीच आलेलं नाही. त्यामुळे हे पत्र जरा लांबलं तरी वाचा, कारण सगळं त्या पंपावर अडलं आहे.

संडास बांधला. उत्तम बांधला. आत शहाबादी फरशी आहे, वर कौलं आहेत, दाराला हिरवा रंग आहे. पण गावाला तो संडास आहे हे मी सांगितलं नाही. का ते सांगतो. ज्या अंगणात तुळस आहे त्या अंगणात ‘ते’ कशाला, असं आमच्या भावकीचं मत. कुणी विचारलं तर मी ‘मोरीची खोली’ एवढंच म्हणायचो. पुढे टाकीचा खड्डा खणायला घेतला. आमचं घर उताराच्या तळाला आणि ऊस वर, हे तुम्ही लग्नात पाहिलं आहेच. (तुमचे वऱ्हाडी जेवून उठले ते उतारावरून आपोआप बसगाडीपर्यंत गेले होते.) खड्डा कमरेइतका झाला आणि तळाला ओल दिसली. शेजारचा केरबा, जो माझा चुलतभाऊ लागतो आणि ज्याला पंपातलं सगळं कळतं असं त्याचं स्वतःचं म्हणणं आहे, तो डोकावून म्हणाला, “सुभेदार, नशीब काढलंसा. अंगणात हीर लागली.” आता माणूस तोंडभरून अभिनंदन करत असताना त्याला मधेच थांबवून ‘बाबा रे, ही विहीर नव्हे, हे दुसरंच आहे’ असं सांगायचं कसं? मी मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी आणखी चौघे आले, त्यांनीही अभिनंदन केलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडू लागलं. गवंड्याने टाकी बांधली, वर झाकण टाकलं, पुढे शोषखड्डा केला. गाव म्हणालं, सुभेदाराने झाकणाची विहीर काढली, मिलिटरीतली पद्धत असेल.

संडासाला कुलूप असतं. हे हरणाबाईने पहिल्या दिवसापासून केलं. किल्ली तिच्या कमरेला, केव्हाही बघा दार बंद, शेजारपाजारच्यांनी येऊन जागा खराब करू नये हा तिचा विचार. ज्याला जायचं त्याने तिच्याकडून किल्ली मागून घ्यायची. मला स्वतःला बायकोकडे ती किल्ली मागायची लाज वाटते, म्हणून मी आपला पूर्वीसारखा मळ्यात जातो. (शिवाय इतकी वर्षं आभाळाखाली सवय झालेली. चार भिंतींत मला कोर्टमार्शलला बसल्यासारखं वाटतं.) तेव्हा संडास वापरणाऱ्या घरात दोघी, हरणाबाई आणि आत्या. तरीही टाकी महिना व्हायच्या आत काठोकाठ भरली. शोषखड्डाही भरला. मी आत्यांकडे जरा वेगळ्या नजरेने बघू लागलो, पण वडीलधाऱ्या बाईला काय विचारणार? टाकी उपसायला गावातल्या कुणाला बोलवायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. ज्याची घाण त्याने उपसावी, हा माझा नियम आहे. नियम चांगला आहे, फक्त त्याला पंप लागतो.

आणि पंप म्हणजे पंप, त्यात काय बघायचं, असं मला वाटलं. व्याहीबुवा, तसं नसतं. हे मला आता कळलं आहे, आणि ज्या किमतीला कळलं आहे त्या किमतीला तुम्हालाही सांगतो. मी विहिरीवरची आमची पाच हॉर्सची मोटर काढून टाकीवर बसवली. हा पंप पाणी लांब फेकतो, उंच चढवतो, उसाचं रान भिजवतो, गावात त्याचा दबदबा आहे. पण त्याच्या पोटातला पंखा म्हणजे दोन ताटल्या एकमेकींवर ठेवलेल्या आणि मधे वाकड्या, अरुंद वाटा. त्या वाटांतून फक्त नितळ पाणी जातं. काडी आली तरी तो नाक मुरडतो. हे मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. ज्या दिवशी मोटर बसवली त्या दिवशी केरबाने गावभर सांगितलं की सुभेदाराच्या नव्या विहिरीवर आज पंप सुरू होतोय, आणि आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. नव्या विहिरीची पूजा होते, सवाष्णी तिची ओटी भरतात, आणि पहिलं पाणी घरात आलेल्या थोर पाहुण्याच्या तांब्यात पडतं. गावातल्या बायका ताटं घेऊन अंगणात उभ्या, केरबाची बायको चंद्राबाई सगळ्यांच्या पुढे.

त्याच वेळी विट्याच्या गाडीतून उतरून, पांढरा फेटा, कडक इस्त्रीचं धोतर, हातात काठी, असे कोण यावेत? तुमचे थोरले बंधू नानासो. तुम्ही त्यांना तपासायला पाठवलंत ते बरोबर केलंत, पण एक दिवस पुढेमागे पाठवलं असतंत तर काय बिघडलं असतं? त्यांनी अंगणातली गर्दी पाहिली, केरबाने त्यांच्या कानाला लागून बातमी दिली, आणि ते मला म्हणाले, “आवं सुभेदार, हीर काढलीसा आन आमाला सांगावा न्हाई? आदी ही पूजा हुंद्या, मग त्ये दुसरं बगू.” ‘ते दुसरं’ म्हणजे संडास. सभ्य माणूस, बायकांसमोर नाव कसं घेणार? त्यांच्या मनात विहीर वेगळी आणि ‘ते दुसरं’ वेगळं. दोन्ही एकाच झाकणाखाली आहेत हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात चंद्राबाईने त्यांना कुंकू लावलं आणि माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

झाकण सरकवलं. चंद्राबाईने हळद वाहिली, कुंकू वाहिलं, मूठ मूठ तांदूळ टाकले, नारळ सोडला आणि शेवटी हिरवा खण, चांगला दोन हात लांब, आत सोडला. मागून आणखी बायका, आणखी खण. मी हरणाबाईकडे बघत होतो, की ही तरी काही बोलेल. ही टाकी कशाची आहे हे तिला माझ्याइतकंच ठाऊक. पण ती आरतीचं ताट धरून इतक्या शांतपणे उभी होती की मला तिचा रागच आला. नानासो तांब्या घेऊन वर बांधावर, पाईपाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. मी धावत वर गेलो, म्हणालो, पहिल्या पाण्याला तेलाचा वास असतो, बाजूला व्हा. ते म्हणाले, असू दे. मी म्हणालो, पाईपात करंट उतरतो कधीकधी. ते म्हणाले, मान आमचा हाय. मी पुन्हा धावत खाली, केरबाला म्हणालो, आज अमावस्या आहे, उद्या चालू करू. केरबा म्हणाला, “काय बोलताय, आज पुनव हाय.” आणि त्याने पंपात पाणी टिकावं म्हणून आपल्या रीतीप्रमाणे शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेलं शेण, ओतला आणि बटण दाबलं.

पाच हॉर्सची मोटर गुरगुरली. पाईप सापासारखा हलला. वर बांधावर पाईपाने एक ढेकर दिली आणि मघाचा शेणकाला ओंजळभर नानासोंच्या तांब्यात टाकला. मग मोटर नुसती कण्हू लागली आणि थांबली. नानासोंनी तांब्यात बोटं बुडवून डोळ्यांना लावली आणि सगळ्यांना समजावलं, की पहिलं पाणी जरा गढूळच असतं. खाली केरबाने पंप उघडला, तर पंख्याच्या त्या नाजूक वाटांत चंद्राबाईचा हिरवा खण असा गुंडाळून बसला होता की शिंप्यालाही इतका घट्ट गुंडाळता आला नसता. बायकांमध्ये कुजबुज झाली की देवीने ओटी परत दिली, आता मोठा खण आणून पुन्हा भरली पाहिजे. पंपाला खण पचत नाही, देवीला काही झालेलं नाही, हे मी त्यांना समजावत होतो, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

तेव्हा मी मर्दासारखा बांधावर गेलो आणि नानासोंच्या कानात खरं काय ते सांगितलं. व्याहीबुवा, तुमच्या बंधूंची मी आजवर नुसती वरवर स्तुती करत होतो, आता मनापासून करतो.  त्यांनी तांब्याकडे पाहिलं, बोटांकडे पाहिलं. तांब्यातलं पाणी उसाच्या बुडात ओतलं, बोटं धोतराला न पुसता उसाच्या पाल्याला पुसली, आणि हळूच म्हणाले, “सुभेदार, ह्ये कळलं तर मला विट्यात त्वांड दाखवाया जागा न्हाई. तुमी हीर म्हणा, मी बी हीर म्हणतो.” त्या क्षणापासून ते माझ्या बाजूला आले. पण गाव पाणी बघितल्याशिवाय हलेना. पूजा झाली आणि पाणी नाही, हा अपशकुन.

म्हणून मी छपरातून दुसरा पंप काढला. हा मिलिटरीच्या लिलावातला, हाताने चालवायचा, पडद्याचा. याच्या पोटात पंखा-बिंखा काही नाही, जाड रबराचा पडदा आहे. दांडा हलवला की पडदा वर-खाली होतो आणि येईल ते ओढून पुढे ढकलतो. चिखल आला, पाला आला, तांदूळ आले, त्याला सगळं सारखं. शेणकाला ओतावा लागत नाही, कोरडा असला तरी ओढतो. वाईट इतकंच, की त्याच्या दांड्याला दोन बाजूंनी दोन माणसं लागतात आणि उंच तो काही चढवत नाही. केरबा बाह्या सारून पुढे आला. त्याने जवळून वाकून बघितलं असतं तर आमचं बिंग फुटलं असतं. तेव्हा नानासोंनी फेटा काढून माझ्या हातात दिला आणि स्वतः दांड्याला बसले. समोर मी. अशी आम्ही दोन म्हातारी माणसं, एक खाली एक वर, सगळ्या गावादेखत. बायका कौतुकाने बघत होत्या, की एवढा मोठा पाहुणा असून नव्या विहिरीचं पाणी स्वतः उपसतोय. हळद-कुंकवाचं लालपिवळं पाणी, त्यात तांदूळ, परसातल्या केळींपर्यंत पोचलं आणि तिथेच थांबलं. ऊस तसाच वर राहिला. मी ओरडत होतो की पाणी जड आहे, कुणी तोंडात घेऊ नका. तरी चार जणींनी चार थेंब डोक्यावर शिंपडलेच. वास काहीच आला नाही, याचं श्रेय मी मनातल्या मनात गवंड्याला दिलं. आणि हरणाबाईने पुढे येऊन दोन थेंब स्वतःच्या डोळ्यांना लावले, ते पाहून मला माझ्या बायकोची काळजी वाटू लागली.

गाव पांगल्यावर तपासणी झाली. नानासो संडासापुढे उभे राहिले, भिंतीवर काठी आपटून बघितली, कौलं बघितली, हिरव्या रंगाला बोट लावलं. दाराला कुलूप. किल्ली त्यांच्या विहीणबाईंच्या, म्हणजे हरणाबाईच्या कमरेला. आता कुळातला थोरला व्याही विहिणीकडे जाऊन ती किल्ली कशी मागणार? त्यांनी दोनदा खाकरून बघितलं. मीही खाकरलो. शेवटी त्यांनी गड्याकडून तांब्या मागून घेतला आणि उसाच्या दिशेने चालू लागले. म्हणजे व्याहीबुवा, ज्या सोयीची खात्री करायला तुम्ही त्यांना पाठवलंत, तिची खात्री त्यांनी पाठमोरे होऊन केली. परत येताना मात्र त्यांनी निकाल दिला. खोली चांगली आहे, दार चांगलं आहे. पण विहिरीचा पंप अडतो आणि हाताचा पंप दोन माणसं मागतो. “आमची सुला काय सासऱ्याला आन चुलत्याला दांड्यावर बशीवणार व्हय? पंप बदला, मग मी बाळासोला लिवतो.”

तेव्हा केरबाने (अजूनही त्याला ती विहीरच वाटते, फक्त गाळाची) पाटणकडच्या एका ठेकेदाराचा चिखल उपसायचा पंप चार दिवस वापरायला आणला. हा तिसरा प्रकार. याचा पंखा उघडा असतो, वरची ताटली नाही, वाटा रुंद. लिंबाएवढा गोटा आला तरी फेकून देतो. मोटर वर कोरडी बसते आणि एक लांब दांडा खाली पाण्यात जातो. त्याने टाकी चहा होईपर्यंत रिकामी केली, तळाचा चंद्राबाईचा नारळ तेवढा राहिला. पण त्याला जोर कमी. पाणी चढावर अर्ध्यात जायचं, थकायचं आणि पाईप निसटला की उलट अंगणात. शिवाय लांब कापड आलं की त्याच्याही दांड्याला ते गुंडाळतंच. तरी टाकी रिकामी झाली म्हणून मी खूश होतो, मोटर परत विहिरीवर नेऊन रात्री उसाला पाणीही सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढून बघतो, तर टाकी पुन्हा भरत आलेली. व्याहीबुवा, दोन बायका आणि एक दिवस! मी आत्यांना वैद्याकडे न्यायची गोष्ट काढली, तर हरणाबाई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मला वाटलं, तिला रडू आलं.

मग मी सांगलीला जाऊन एका पंपवाल्या दुकानदाराला सरळ विचारलं. (सांगलीत मला कुणी ओळखत नाही, त्यामुळे संडास हा शब्द मोठ्याने म्हणता आला.) तो म्हणाला, तुम्ही तिन्ही पंप चुकीच्या कामाला लावलेत. टाकीतलं वरचं निवळ पाणी असेल तर साधा पंप चालतो. सगळं ढवळून न्यायचं आणि जवळच टाकायचं असेल तर उघड्या पंख्याचा, सरळ गिळणारा. पण तुमच्यासारखं खालून वर न्यायचं असेल, पाईप बारीक असेल आणि त्यात कापडचोपड येणार असेल, तर कात्रीचा पंप पाहिजे. मोटरीसकट पाण्यात बुडून बसतो, तोंडाशी पोलादाची पाती असतात, येईल ते बारीक करतो आणि मग पाठवतो. पाणी थोडं नेतो पण उंच नेतो. असला पंप आपल्याकडे कुणी ठेवत नाही, कोइमतूरच्या बाजूला चौकशी करा, तिकडे पंपांचे कारखाने पुष्कळ. माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. कोइमतूरला आमचं सोन्यासारखं माणूस बसलेलं असताना मी सांगलीत काय करतोय? आता मला सगळ्या प्रकारांची नीट ओळख झाली आहे. विहिरीचा पंप म्हणजे तुम्ही, नितळ असेल तेवढंच घेणार. पडद्याचा म्हणजे मी, काहीही चालतं, पण दुसऱ्याने हलवल्याशिवाय हलत नाही. कात्रीचा कुणासारखा ते लिहीत नाही, कारण पत्र टाकण्याआधी ते हरणाबाईला वाचून दाखवावं लागतं.

तेव्हा कृपा करून असा एक पंप बघून पाठवावा. पाडव्याच्या आधी आला तर मी स्वतः बसवीन, नानासोंना बोलावीन, आणि ते तुम्हाला काय लिहायचं ते लिहितील. पोरीला तुम्ही काळजीपोटी ठेवून घेतलंत हे मला मान्य आहे, पण आमचंही घर तिच्यावाचून पोकळ झालं आहे, हेही खरं आहे. तिकडे सर्वांना यथायोग्य सांगावे, आणि तुमचा लोभ आहेच, तो नातीच्या बाबतीत थोडा आमच्याकडे वळवावा.

तुमचा,
नाथाजी सुभेदार

ता. क. – पंप रेल्वेने एकटा पाठवू नये. वाटेत हाताळणारे तो आपटतात, पाती वाकतात. बरोबर कुणीतरी घरचं, जबाबदार माणूस हवं. तुम्हाला दुकान सोडून येता येणार नाही हे मी समजू शकतो. सुला आणि नात बरोबर आल्या तर पंपाची काळजी नीट घेतली जाईल, एवढंच सुचवतो. पंप नाही मिळाला आणि त्या दोघीच आल्या तरी तक्रार करणार नाही.

आणखी ता. क. – नानासोंच्या तांब्याची गोष्ट तुमच्यापाशीच ठेवा. कुणाला सांगणार नाही अशी त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली आहे. म्हणून मी सांगितलेली नाही, फक्त लिहिली आहे.

शेवटचा ता. क. – पत्र हरणाबाईला वाचून दाखवलं. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली (म्हणजे त्या दिवशीही रडत नव्हती तर) आणि आता म्हणते, मी सांगते तसं खाली लिवा, एक अक्षर बदलायचं न्हाई. पुढचे शब्द तिचे आहेत, माझी फक्त शाई:

“पावणं, रामराम. ह्येनी लिवलंय त्ये समदं झालं, पर त्यात कामाचं काय न्हाई. टाकीत घाण न्हाईच. वर ऊस भिजवला की पाझर खाली टाकीत येतुया. उसाचं पानी खाली येतंय आन ह्ये पंप लावून त्येच पानी पुन्यांदा उसाला चढवाया बगत्यात. मी बगत हुते. पलटणीतनं आलेलं माणूस रिकामं बसलं की घरात खोड्या काढतंय, म्हून बोलले न्हाई. संडासात आजून कुणी गेल्यालं न्हाई. आत्याबाई बी न्हाई आन मी बी न्हाई. पोरीसाठी बांधलाय, पैला मान तिचा, म्हून मी कुलूप घातलंय. रिकामी जागा कशाला म्हून शेंगंची दोन पोती ठिवल्यात, ती यायच्या आदी काढंन. तवा तुमी पंप बगत बसू नगासा. आमच्या सुलाला धाडा. ती हुती तवा आमी दोगी पहाटंचं बांधाला जायचो. घरात ह्येंच्या म्होरं पोरगी त्वांड उगडत न्हाई, बांधावर लय बोलायची. तुमच्या तिकडच्या भाषंतली गाणी म्हनायची, मला कळायची न्हाईत, तरी मी व्हय व्हय म्हनायची. ती घसरली तवापास्नं माझ्या हाताला झोप न्हाई. आता मी एकटीच जाते, कुणासंगं बोलत न्हाई. ह्यो संडास लय चांगला हाय, पर आत एकच माणूस मावतंय, ह्ये मला गवंड्यानं आदी सांगितलं न्हाई. असू दे. पोरीला म्हणावं, लेक माझ्या मांडीवर दे, तू आत बस, मी दाराम्होरं बसते. पर आतनं बोलत ऱ्हा.”